कोमाझावाची रात्र आणि नंतरची वर्षं

२३ ऑक्टोबर १९६४. टोकियो ऑलिंपिकचा समारोप दुसऱ्या दिवसावर आला होता. कोमाझावा उद्यानातल्या हॉकीच्या मैदानावर मोहिंदर लालच्या एकमेव गोलच्या जोरावर भारताने पाकिस्तानला हरवलं आणि चार वर्षांपूर्वी रोममध्ये गमावलेलं सुवर्णपदक परत मिळवलं. आपल्याकडे ही तारीख कुणाला आठवत असेलच तर ती यासाठी. जपानी माणसाला मात्र ती वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्याच उद्यानात, हॉकीच्या मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, संध्याकाळी स्त्रियांच्या व्हॉलीबॉलचा निर्णायक सामना होता. जपान विरुद्ध सोव्हिएत संघ.

त्या दिवशी जपानला एक धक्का आधीच बसला होता. ज्युदो हा त्यांचा घरचा खेळ, ऑलिंपिकमध्ये आणला तोही त्यांनीच. त्याच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत डच मल्ल अँटोन खेसिंकने बुडोकान सभागृहात जपानच्या कामिनागाला चीत केलं. मग सगळा देश टीव्हीसमोर बसला. व्हॉलीबॉलच्या त्या सामन्याचं प्रेक्षकमान ६६.८ टक्के नोंदलं गेलं आणि जपानच्या क्रीडाप्रक्षेपणात तो आकडा आजही दाखला म्हणून सांगतात.

पहिला गेम १५-११, दुसरा १५-८. तिसऱ्यात जपान १४-९ असा पुढे. आता सामना संपलाच म्हणायचा, पण तेव्हाचे नियम वेगळे होते. सर्व्हिस ज्याच्याकडे, गुण त्यालाच. समोरच्याने रॅली जिंकली तर नुसती सर्व्हिस बदलायची, फलकावरचा आकडा जागचा हलायचा नाही. त्यामुळे एका गुणासाठी अडलेला संघ तिथेच ताटकळत राहू शकायचा. झालंही तसंच. सोव्हिएत मुली एकेक करत १३ पर्यंत आल्या. एनएचके वाहिनीचा निवेदक दर सर्व्हिसला ‘सुवर्णपदकाचा गुण’ म्हणत होता आणि तो गुण काही येत नव्हता. शेवट झाला तो ना स्मॅशवर, ना ब्लॉकवर. सोव्हिएत खेळाडूचा हात नेटपलीकडे गेला, पंचांनी शिट्टी फुंकली. ओव्हरनेट. इतक्या मोठ्या सामन्याचा शेवट इतका किरकोळ, की पहिले काही क्षण तो कुणाच्या लक्षात आला नसावा असंच ते चित्रण बघताना वाटतं.

कर्णधार होती मासाए कासाई. वय वर्षं ३१.

हे वय ध्यानात ठेवायला हवं. त्या काळच्या जपानमध्ये मुलीचं लग्न पंचविशीच्या आत व्हायचं, आणि कासाई ज्या ठिकाणी नोकरीला होती तिथे तर त्याहून लवकर. ओसाकाजवळ काइझुका नावाचं गाव. तिथे निचिबो कंपनीची सूतगिरणी. जपानच्या गिरण्यांत खेड्यापाड्यातून आलेल्या मुली काम करत, कंपनीच्या वसतिगृहात राहत आणि लग्न ठरलं की गाठोडं बांधून घरी जात. त्यांना विरंगुळा हवा, तब्येत राहावी, शिवाय मालकालाही शिस्त हवी, म्हणून गिरण्यांच्या आवारात व्हॉलीबॉलची जाळी लागली. खेळ तेव्हा नऊ-नऊ जणींचा. आपल्या गिरणगावात जशा गिरण्या कबड्डीचे संघ बाळगून असत, तसे तिथे व्हॉलीबॉलचे. फरक एवढाच की तिथल्या संघात पोरी होत्या आणि लग्न हा त्यांच्या निवृत्तीचा ठरलेला दिवस होता.

निचिबोने १९५४ च्या सुमारास काइझुकात संघ एकत्र केला आणि तो खरेदी खात्यातल्या एका माणसाच्या हवाली केला. हिरोबुमी दाईमात्सु. हा माणूस युद्धातून जगून परतलेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, इंफाळच्या मोहिमेत होता, शेवटी ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. त्या मोहिमेत जपानी सैन्य गोळ्यांपेक्षा भुकेने आणि तापाने जास्त मेलं. दाईमात्सुने त्यातून काय धडा घेतला? माणसाचं शरीर थकलं म्हणतं त्याच्या कितीतरी पुढे ते जाऊ शकतं, हा. धडा खोटा नव्हे. पण सूतगिरणीतल्या विशीतल्या मुलींवर तो चालवून बघावा का, हा प्रश्न त्याला पडल्याचं दिसत नाही.

मुली सकाळी आठला कचेरीत कामावर बसत. दुपार कलली की सराव सुरू. तो मध्यरात्रीपर्यंत चाले, बऱ्याचदा त्याही पुढे. दाईमात्सुही दिवसभर आपल्या टेबलावर बसून मग हॉलमध्ये येई. त्याची स्वतःची झोपही तेवढीच, म्हणून मुलींना त्याच्यावर डाफरायला जागा उरत नसे. लोक त्याला राक्षस दाईमात्सु म्हणत.

त्या सरावाची एकच गोष्ट जवळून पाहू. गोल फिरून उचलणं. चेंडू हाताच्या टप्प्यात नाही, पावलं टाकून पोचण्याइतका वेळ नाही. मुलगी बाजूला झेप घेते, जमिनीशी समांतर होता होता एका हाताच्या मनगटाने चेंडू वर काढते आणि त्याच वेगात खांद्यावरून लोळण घेऊन पुन्हा पायांवर उभी राहते, पुढच्या चेंडूसाठी. नुसती झेप घ्यायला कुणीही शिकेल, पण झेप घेतलेला खेळाडू पडलेला असतो आणि पडलेला खेळाडू म्हणजे सहांतला एक कमी. लोळण घेऊन उठणं ही खरी युक्ती. ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी दारुमासारखी बाहुली जपानात पोराबाळांच्या हातात असते, तिच्यावरून दाईमात्सुला हे सुचलं असं सांगतात. सुचणं सोपं होतं. ते अंगात मुरायला कमरेवर, खांद्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग पडले, ते बरे व्हायच्या आत त्यांच्यावर नवे पडले. तो उभा राहून चेंडूंचा मारा करी, एकामागून एक. मुलगी उठायच्या आत पुढचा चेंडू. कुणी रडत असली तरी चेंडू थांबत नसे. नोबुको शिबुया या दिग्दर्शिकेने हा सराव चित्रित केला आणि तिच्या लघुपटाला १९६४ साली कान महोत्सवात पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये एका अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाने या संघावर लेख छापला, तो मात्र धक्का बसल्याच्या सुरात. अमेरिकनांना हा छळ वाटला. जपान्यांना वाटला पराक्रम. त्या मुलींना काय वाटतं हे तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही.

निकाल मात्र मिळत गेले. १९६० च्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलमध्ये रौप्य. पुढच्या वर्षी युरोपचा दौरा, त्यात एकही सामना गमावला नाही आणि सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्यांना पूर्वेच्या चेटकिणी ठरवलं. नाव टोचणारं होतं, पण जपानमध्ये ते मानाने मिरवलं गेलं. १९६२ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या अंगणात, जागतिक विजेतेपद. तोवरची तिन्ही विजेतेपदं सोव्हिएत मुलींचीच होती.

तिथे थांबायचं ठरलं होतं. जग जिंकलं, आता घरी. कासाई तेव्हा २९ ची. पण १९६४ चं ऑलिंपिक टोकियोत, आणि त्यात प्रथमच व्हॉलीबॉल. स्त्रियांसाठी चेंडूचा सांघिक खेळ ऑलिंपिकमध्ये येण्याची ती पहिलीच वेळ. पत्रांचा पाऊस पडला. लोक लिहीत होते की आता मागे फिरू नका. संघटना, कंपनी, वृत्तपत्रं, सगळे त्याच बाजूला. दाईमात्सुने म्हणे निर्णय मुलींवर सोडला, आणि मुली राहिल्या. दाईमात्सुचं ‘माझ्या मागे या’ असं नाव असलेलं पुस्तक १९६३ मध्ये आलं आणि घरोघरी वाचलं गेलं. तिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईने ‘हो’ म्हटलं तेव्हा ती देशाला आपली दोन वर्षं देत होती. देशाला तेव्हा त्याचा हिशोब लागला नाही. तो नंतर लागला, त्याकडे येतोच.

स्पर्धेबद्दल खरं तर फार सांगण्यासारखं नाही. सहाच संघ होते. उत्तर कोरियाचा संघ ऐन वेळी माघारी गेला आणि दक्षिण कोरियाला घेऊन सहाची जुळणी झाली. साखळीत जपानने एकच गेम गमावला, पोलंडविरुद्ध. बारा जणींपैकी दहा एकट्या निचिबोच्या, म्हणजे देशाचा संघ काय आणि गिरणीचा संघ काय, जवळपास एकच. ओव्हरनेटच्या शिट्टीनंतर मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कोन इचिकावाच्या ऑलिंपिकवरच्या चित्रपटात तो प्रसंग आहे, आणि कॅमेरा त्या घोळक्यावरून दाईमात्सुवर जातो तेव्हा तो बाजूला एकटा उभा दिसतो. मला ते दृश्य नेहमी थोडं अन्यायाचं वाटत आलं आहे. जिंकल्या मुली, आणि तेव्हाही बघायचं ते त्याच्याकडे.

आता हिशोबाची गोष्ट.

नोव्हेंबरमध्ये एइसाकु सातो पंतप्रधान झाले. विजयी संघ त्यांच्या भेटीला गेला आणि तिथे कर्णधाराच्या लग्नाचा विषय निघाला. खेळापायी मुलगे बघायला वेळच मिळाला नाही, अशी ती अडचण. पंतप्रधानांनी मनावर घेतलं आणि स्वसंरक्षण दलातल्या एका अधिकाऱ्याचं स्थळ सुचवलं. मग जपानी पद्धतीचा बघण्याचा कार्यक्रम, म्हणजे आपले कांदेपोहेच म्हणा, फक्त मध्यस्थ देशाचा पंतप्रधान. १९६५ साली लग्न झालं आणि कासाईची नाकामुरा झाली. वर्तमानपत्रांनी तो सोहळा सामन्याइतक्याच हौसेने छापला.

या गोष्टीवर हसायला येतं, आणि ती गोडही आहे. पण तिच्यात एक कबुली दडलेली आहे. या बाईची काही वर्षं आपण वापरली, याची जाणीव सगळ्यांना कुठेतरी होती. पत्रं लिहिणाऱ्यांना होती, सरकारलाही होती. त्याची परतफेड करायची तर त्यांना एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे जे लांबलं ते लग्न लावून देणं. नोकरीत बढती, प्रशिक्षकपद, संघटनेत खुर्ची, हे कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं नाही. इतर खेळाडूंचंही साधारण तसंच. बहुतेकींची आडनावं पुढच्या काही वर्षांत बदलली. तानिदाची इदोगावा झाली. जुन्या सामन्यांच्या याद्या चाळताना माणसं शोधायला दोन-दोन नावं हाताशी ठेवावी लागतात.

दाईमात्सुची परतफेड वेगळ्या मापाने झाली. त्याने निचिबो सोडलं. १९६५ मध्ये चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून तो चीनला गेला आणि तिथल्या मुलींकडून महिनाभर तसाच सराव करून घेतला. चीनने १९८१ साली ओसाकात जपानला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या महिन्याची आठवण अनेकांनी काढली. १९६८ मध्ये सत्ताधारी पक्षाने त्याला वरिष्ठ सभागृहासाठी उभं केलं आणि तो निवडून आला. १९७४ मध्ये हरला. १९७८ साली ओकायामा प्रांतात असताना हृदयविकाराने गेला, वय ५७. एकाच संघाच्या यशावर प्रशिक्षक खासदार झाला आणि कर्णधार सून झाली. यावर वेगळं भाष्य नको.

गिरणीचा संघ मात्र थांबला नाही. नव्या मुली आल्या आणि विजयाची साखळी पुढे चालू राहिली, १९६६ मध्ये याशिका कंपनीच्या संघाने ती तोडली तेव्हा सलग २५८ विजय झाले होते. १९६९ मध्ये निचिबो आणि दुसरी एक कंपनी एकत्र येऊन युनितिका झाली. कापडधंद्याचे दिवस फिरले आणि २००० साली युनितिकाने संघ बंद केला, मग तोरे कंपनीने तो उचलून पुढे नेला. गिरण्यांचं जे मुंबईत झालं ते ओसाकाच्या आसपासही झालंच, फक्त तिथे संघ वाचला.

दरम्यान त्या सरावाची कीर्ती खेळाच्या बाहेर पसरली. शाळांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत ‘माझ्या मागे या’ची भाषा चालू लागली. मुलींच्या व्हॉलीबॉलवरची मालिका १९६८ पासून चित्रकथेत आणि मग टीव्हीवर आली, तिच्यातही घाम आणि अश्रू भरपूर. रडत रडत सराव करणं हीच देशभक्ती, असा एक समज दोन पिढ्यांत रुजला. त्याची फळं नंतर दिसली. २०१२ च्या डिसेंबरात ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधार मुलाने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय ज्युदो संघातल्या १५ स्त्री खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारझोडीची तक्रार केल्याचं बाहेर आलं आणि मुख्य प्रशिक्षकाला पायउतार व्हावं लागलं. साहजिकच लोकांची नजर मागे गेली, काइझुकापर्यंत.

इथे एक अडचण येते. त्या बायका स्वतःला बळी मानायला तयार नव्हत्या. फ्रेंच दिग्दर्शक ज्युलियाँ फारो याचा त्यांच्यावरचा माहितीपट २०२१ मध्ये आला. त्यात हयात असलेल्या काही जणी जेवायला एकत्र बसून जुन्या गोष्टी काढतात, ऐंशीच्या आसपासच्या, चेष्टामस्करी करत. आम्हाला कुणी फरफटत नेलं नव्हतं, जिंकायचं आम्हालाच होतं, असाच त्यांचा सूर. कासाईही आयुष्यभर दाईमात्सुबद्दल आदरानेच बोलली. हे खरं मानायचं की वयपरत्वे आठवणी गोड होतात म्हणून सोडून द्यायचं? मला वाटतं ते खरं मानावं. पण म्हणून ती पद्धत योग्य ठरत नाही. त्यांतल्या बहुतेक जणी सज्ञान होत्या, सगळ्या एकत्र होत्या, आणि १९६२ मध्ये का होईना त्यांना एकदा विचारलं गेलं होतं. ओसाकाच्या त्या शाळकरी पोराला कुणी विचारलं नव्हतं. ‘माझ्या मागे या’ म्हणणारे पुढे शेकड्यांनी निघाले, मागे येणाऱ्यांना येता का म्हणून विचारणारे कमी निघाले.

कासाई २०१३ च्या ऑक्टोबरात गेली, त्या वादाच्या वर्षीच, ८० व्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हॉलीबॉलच्या सन्मानदालनात तिचं नाव लागलं होतं. दाईमात्सुचं आठ वर्षं आधी. सगळीकडच्या मृत्युलेखांत कोमाझावा होतं, ६६.८ होतं, सातोंनी जमवलेलं लग्न होतं. मधल्या पन्नासेक वर्षांसाठी एखाददुसरी ओळ. त्या ओळीत बहुधा ‘मामासान व्हॉलीबॉल’ असे शब्द होते.

ही गोष्ट ऑलिंपिकहून कमी नाही. १९६४ चा सामना टीव्हीवर बघणाऱ्यांत घराघरांतल्या बायका होत्या. मुलं शाळेत गेली की त्या शाळेच्या, नगरपालिकेच्या हॉलवर जमू लागल्या. पोरं झालेल्या, पोट सुटलेल्या, शाळा सुटल्यापासून चेंडूला हात न लावलेल्या. जाळी खाली घेतलेली, आणि खेळ पुन्हा नऊ-नऊ जणींचा, गिरण्यांच्या आवारात सुरुवातीला होता तसा. नऊ जणींत जागा मुबलक, धावाधाव कमी, आणि एखादीला जमलं नाही तर शेजारची सांभाळून घेते. त्याला मामासान व्हॉलीबॉल म्हणू लागले. १९७० पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. कासाई-नाकामुराने संसार सांभाळत या बायकांत बसून-उठून खेळ शिकवला, आणि जुन्या संघातल्या इतरही काही जणी याच वाटेने पुन्हा कोर्टवर आल्या. इथे सराव संपवून रात्रीच्या स्वयंपाकाला वेळेवर पोचायचं असतं, त्यामुळे मध्यरात्रीचा प्रश्नच येत नाही.

देशाने तिला लग्न देऊन हिशोब मिटवला होता, आणि लग्नानंतर तिने लग्न झालेल्या बायकांच्या हाती चेंडू दिला. यात कुणी ठरवून घडवलेला न्याय नाही. तसं ते झालं, एवढंच.

या मामासान मंडळींच्या राष्ट्रीय स्पर्धेचा एक नियम आहे. खेळाडूला त्या स्पर्धेत आयुष्यात एकदाच उतरता येतं. यंदा प्रांतातून निवडून आलात, खेळलात, जिंकलात किंवा पहिल्याच फेरीत हरलात, पुढच्या वर्षी जागा दुसऱ्या बायकांना सोडायची. हरलेलीला दुसरी संधी नाही ही त्यातली उणीव. पण तिथे कुणी कुणाला आणखी दोन वर्षं थांबा म्हणून पत्रं लिहू शकत नाही, आणि २५८ विजयांची साखळी तर त्या नियमात बसवायची म्हटली तरी बसत नाही.